मॅबेलची किंचाळी

मॅबेल ऑर्ड आणि मी किल्ल्याच्या धुलाईघरात शेजारी शेजारी उभ्या राहून इस्त्री करायचो. बाईची जीभ तिखट आणि आवाज त्याहून खणखणीत. तिचा नवरा सेप गवंडी होता. किल्ल्याच्या भिंतींची डागडुजी त्याच्याकडे असायची. दोघं सकाळ-संध्याकाळ भांडायची. पण सेपला बाहेरच्या कुणी नाव ठेवलेलं मॅबेलला खपायचं नाही.

महायुद्धानंतर किल्ल्याच्या मालकांकडे, लॉर्डसाहेबांकडे, छप्पर दुरुस्त करायलाही पैसे उरले नव्हते, म्हणून त्यांनी किल्ला लंडनच्या सिनेमावाल्यांना भाड्याने दिला. गोष्ट खुनाची होती. म्हातारा सरदार वाचनालयात मरून पडतो, मुलगी दार उघडते आणि किंचाळते. पण त्या मुलीचं काम करणाऱ्या नटीची किंचाळी म्हणजे शेपटीवर पाय पडलेलं मांजर. दिवसभर तिला ओरडायला लावून दिग्दर्शक वैतागला होता.

दिव्यांच्या तारा वर ओढायला सेपला तटावर चढवलं होतं. त्याच्या पायाखालचा दगड निसटला आणि तो थेट अंगणात कोसळला. मॅबेल ओल्या चादरींची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. ती किंचाळली ते मी आत ऐकलं, आणि माझ्या हातातली इस्त्री तशीच चादरीवर राहिली. बाहेर आवाज टिपणारं यंत्र चालूच होतं.

सेप वाचला, पण कमरेतून कायमचा अधू झाला, काठी टेकत चालायचा.

सिनेमा शहरात लागला तेव्हा सगळं गाव बसने बघायला गेलं. मी मॅबेलच्या शेजारी बसले होते. नटीने वाचनालयाचं दार उघडलं, तोंड उघडलं, आणि त्यातून मॅबेलचा आवाज आला. आमच्या पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. सगळ्यात आधी हसला तो सेप.

"ऐकलंत का? आमची बायको आहे ती."

बाहेर आल्यावर मॅबेल म्हणाली, "तू मेलास असं वाटलं होतं मला. आणि त्यांनी ते विकलं."

"मग बिघडलं काय? एरवी तुझा आवाज फुकट मला एकट्यालाच ऐकावा लागतो."

दुसऱ्या दिवशी ती लॉर्डसाहेबांकडे गेली. माझा आवाज सिनेमातून काढून टाकायला सांगा त्यांना, म्हणाली. साहेब चहा ढवळत म्हणाले, "मॅबेल, त्या सिनेमात तेवढंच काय ते खरं वाटतं, असं सगळे म्हणतात." तिने एप्रन काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. किल्ल्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

सेपचं मात्र बरं चाललं होतं. किल्ला बघायला येणारे लोक पबमध्ये त्याला बिअर पाजायचे आणि तो पडल्याची गोष्ट रंगवून सांगायचा. एका रविवारी लीड्सचं एक जोडपं तो घरीच घेऊन आला. मीही तिथेच होते. मॅबेल बटाटे सोलत होती.

"मॅबेल, एकदाच ओरडून दाखव गं. लांबून आलेत बिचारे."

तिने सुरी खाली ठेवली नाही. पाहुण्यांकडे बघत शांतपणे म्हणाली, "तेव्हा हा मेला असं वाटलं, म्हणून ओरडले. आज पडला तर ओरडणार नाही."

जोडपं चहा अर्धा टाकून निघालं. दार लागल्यावर सेप तिच्याकडे वळला.

"परक्यांसमोर माझी लाज काढलीस."

"तू माझी रोज काढतोस. एका बिअरसाठी."

त्यानंतरही दोघं वर्षानुवर्षं त्याच घरात राहिली. तो खाली झोपायचा, ती वर. ती त्याचं ताट टेबलावर ठेवायची आणि आपलं घेऊन जिना चढायची. सेप पबमध्ये गोष्ट सांगतच राहिला, फक्त तिच्या किंचाळीपर्यंत आला की विषय बदलायचा.

एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. मॅबेल माझ्या दारात आली, डॉक्टरला कळव म्हणाली. मी तिला आत बोलावलं. ती आली नाही.

दफन झाल्यावर मी विचारलं, "वाईट वाटतंय का गं?"

"कोणत्या सेपचं?" ती म्हणाली. "माझा तर त्या अंगणातच गेला." आणि माझा हात झटकून घराकडे चालू लागली.