माणशी व्हाउचर

नव्वदच्या सुमाराला मी बँकेच्या टिटवाळ्याच्या शाखेत मॅनेजर होतो. बायको-मुलं रत्नागिरीला, मी भाड्याच्या खोलीत. ठाण्याचं ऑफिस सगळ्या शाखांना एकच फूटपट्टी लावायचं: माणशी व्हाउचर किती झाली, म्हणजे एकेका कर्मचाऱ्याने पैसे भरण्या-काढण्याच्या किती चिठ्ठ्या उरकल्या. वागळे इस्टेटच्या शाखेत कारखान्याचा शिपाई चेकचा गठ्ठा टाकून जायचा. आमच्याकडे एक म्हातारी पैसे काढायला यायची आणि अर्धी सकाळ बाकावर बसून आम्हा सगळ्यांशी गप्पा मारायची. अंगठा लावण्याआधी विचारायची, "जेवलास का रं, साहेब?" तिचं व्हाउचर एकच.

दर मीटिंगला आमची शाखा शेवटची. "वागळेला जमतं, तुम्हाला का नाही?" मोठे साहेब विचारायचे. एकदा वैतागून मी म्हणालो, "तिथे बाकावर बसतंय कोण?" वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. आठवड्यात हुकूम आला, बाक काढून टाका.

मग म्हातारी उभ्या उभ्याच अंगठा लावून निघायला लागली. पुढच्या मीटिंगला आमचा नंबर वर गेला, टाळ्या वाजल्या. खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवलाच नाही. जेवलास का, असं विचारणारं टिटवाळ्यात आता कोणी नव्हतं.