नेमसिंगसारखं नको

औंढ्याकडच्या डोंगरातल्या तांड्यावर हरिचंद राठोड राहतो. वय पन्नाशीच्या पुढे. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला त्याच्या घोड्या चारी दिशांना जातात. लग्नाच्या तारखा नसल्या की त्याच घोड्यांवरून हौशी माणसांना डोंगरात फिरवून आणायचं, हे काम त्याने तीन वर्षं केलं. हिंगोलीच्या डॉक्टर पुजाताई दर हिवाळ्यात सहा-सात जणांना घेऊन यायच्या. पुढे हरिचंद, मागे सगळे, असं ठरलेलंच होतं.

यंदा पुजाताई आल्या आणि म्हणाल्या, "पुढं नेमसिंग राहील. त्याच्याकडं जीपीएस आहे."

नेमसिंग त्याचा चुलतभाऊ, बारा वर्षांनी लहान. घोड्यावर बसायला त्याला हरिचंदनेच शिकवलेलं. आता त्याच्या छातीवरच्या पट्ट्याला एक पिवळं यंत्र अडकवलेलं होतं, तो त्यात बघायचा आणि पाहुणे त्याच्याकडे बघायचे. हरिचंद सगळ्यांच्या मागून धूळ खात चालला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही.

"काहून न्हाई जेवत?" त्याच्या बायकोने, मिराबाईने, विचारलं.

"मलाबी तसलं मशीन घ्यायचंय," तो म्हणाला.

आठ दिवसांनी तो मुलीला, निलमला, घेऊन हिंगोलीला गेला. निलम तिथल्याच कॉलेजात शिकते. दुकानदाराने तीन यंत्रं पुढ्यात ठेवली. एक मनगटावर बांधायचं, एक बटणांचं, आणि एक मोबाइलसारखं मोठं, काचेवर बोट फिरवायचं.

"कशासाठी पाहिजे?" दुकानदार.

"घोड्यावर बसून फिरायला."

"मग हे बटणांचं घ्या. एका हातात लगाम असतो, बोटाला घाम असतो. याची बटणं न बघता दाबता येतात, उन्हातबी बराबर दिसतं."

हरिचंदने ते हातात घेतलं. पिवळं, छोटं, पाठीला पट्ट्याची कडी. नेमसिंगचं डिट्टो.

"हे नको," तो म्हणाला. "ते मोठं दाखवा."

"बा, ते बराबर सांगून राहिलेत," निलम हळूच म्हणाली.

"तुला काय समजतं? नेमसिंगसारखं नको मला."

मोठ्या काचेचं यंत्र घेऊन तो परतला. वाटेत औंढ्याला एसटी थांबली तेव्हा त्याने ते दोन अनोळखी माणसांना काढून दाखवलं.

त्याच हिवाळ्यातल्या पुढच्या खेपेला त्याने पुजाताईंना गाठून सांगितलं, "एकदा मला पुढं राहू द्या." त्या हो म्हणाल्या. नेमसिंग मुकाट्याने मागे गेला.

पहिला डोंगर चढेस्तोवर सगळं नीट होतं. मग ऊन वर आलं आणि काचेवर हरिचंदला स्वतःचाच चेहरा दिसायला लागला. त्याने हात आडवा धरला, बोट घासलं; घामेजल्या बोटाला काच दाद देईना. घोडी आपली चालत होती. लहानपणापासून ज्या वाटेने तो ढोरं घेऊन गेला, ती सालईच्या झाडापासून उजवीकडे वळते. तो मात्र खाली मान घालून काच चोळत राहिला आणि सरळ निघून गेला.

घोडीचा पाय दगडावरून सटकला तेव्हा त्याने वर पाहिलं. समोर सुट्या दगडांचा उतार होता, त्याखाली दरी. मागे सात माणसं थांबलेली.

नेमसिंग घोडा पुढे काढून शेजारी आला. पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, इथून दरी दाखवायला आणलं ना तुमी? बरं केलं. आता मागं फिरू." आणि दबक्या आवाजात, "सालईपासून वळायचं होतं."

पाहुण्यांनी दरीचे फोटो काढले. कुणाला काही कळलं नाही. नेमसिंग हसला असता तर हरिचंदला सोपं गेलं असतं. त्याने झाकून घेतलं, ते जास्त झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी तो एकटाच हिंगोलीला गेला, दुकानदाराच्या विनवण्या केल्या आणि यंत्र बदलून बटणांचं आणलं. पण ते सुरू केलं तर नकाशात डोंगर कोरा, एकही वाट नाही. शेवटी नेमसिंगच्याच दारात जावं लागलं.

"दादा, यात वाटा नसतात," नेमसिंग म्हणाला. "आपण चाललो की मग उमटतात. माझ्यातल्या साऱ्या वाटा गेल्या साली तुमच्या मागं चालून आल्या. थांबा, तुमच्यात टाकून देतो."

हरिचंद पायरीवर बसून राहिला. आपल्याच वाटा आपल्याला भावाकडून घ्याव्या लागतायत, हे त्याला गिळवेना.

आता दोघं आळीपाळीने पुढे असतात. पुजाताईंनीच तसं लावून दिलं. गेल्या महिन्यात हरिचंदने पाहुण्यांना एका झऱ्यावर नेलं, त्याच्या बापाने एकट्या त्याला दाखवलेल्या. वळणावर तो थांबला आणि नेमसिंगला म्हणाला, "मशीन बंद कर."

नेमसिंगने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बटण दाबलं. तरी हरिचंदने वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं.

मिराबाईला हे समजलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊच हाय ना तुमचा."

"व्हय," घोडीचं खोगीर उतरवत हरिचंद म्हणाला. "म्हणूनच तर."