मनोहरच्या सोयरिकीत माझं भाषण

आधी कपबशी खाली ठेवा आणि मग ऐका. मी तेव्हा घातलेला घोळ ऐकताना लोकांनी चहा अंगावर सांडलेला मी पाहिलाय!

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याला बी.ए. करत होतो आणि वक्तृत्वात एक ढाल मिळवली होती. ढाल काय मिळाली, मी जमिनीवरून चालणंच सोडलं!

आमच्या सरांनी भाषणाच्या युक्त्या शिकवल्या होत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं. प्रश्न विचारून उत्तरही आपणच द्यावं. आणि सगळ्यात जालीम युक्ती म्हणजे, समोरच्याच्या मनातल्या शंका आपणच बोलून दाखवाव्यात, जरा थांबावं, मग एकेकीचा फडशा पाडावा.

त्याच सुमारास एकोडीच्या माझ्या चुलतभावाची, मनोहरची, सोयरीक जवाहरनगरला जुळत आली. मुलीचे वडील फॅक्टरीत, राहायला क्वार्टर, घरात नळ. मनोहर धानाची शेती करणारा. आधीच्या दोन सोयरिकी फिसकटलेल्या, म्हणून काका धास्तावलेले. मुलगी पाहायला गेलं की मुलाकडून एकानं बोलायचं आणि नवरदेवानं मान खाली घालून पोहे खायचे, ही आमच्याकडची रीत.

काका म्हणाले, "तू शिकलेला हायेस गा. तूच बोलजो. पण थोडक्यात!"

थोडक्यात? ढाल काय थोडक्यात मिळते?

पोहे आले. मुलगी, शोभा तिचं नाव, येऊन बसली. तिचे वडील म्हणाले, "आमाले पोरगा पसंत हाय जी. तारीख काढून टाकू."

इथं मी हात जोडून गप्प बसायला हवं होतं. बसलो? छे! उभा राहिलो.

"तुम्ही म्हणाल, एकोडीत वीज येते कमी आणि जाते जास्त!"

"मी कुठी म्हटलं बाबू?"

"तुम्ही म्हणाल, धानाच्या रोवणीत मुलीला गुडघाभर चिखलात उभं राहावं लागेल!"

शोभाच्या आईच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "लागते का जी?"

"तुम्ही म्हणाल, मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास झाला!"

"हे तं आमाले कोणी सांगतलंच नाही!" वडील काकांकडे बघायला लागले.

काका मागून माझा सदरा ओढत होते. मला वाटलं, दाद देताहेत! मी आणखी चढलो. "तुम्ही म्हणाल, तो असा घोरतो की गोठ्यातले बैल दावं तोडून पळतात!"

ही अतिशयोक्ती होती हो. तीही सरांनीच शिकवलेली.

मग मी थांबलो. ऐकणाऱ्यांना विचार करायला वेळ द्यायचा असतो ना! त्यांनी खरोखरच विचार केला. वडील उठले, "बरं, आमी कळवतो," म्हणाले आणि आम्हाला पोचवायला दारापर्यंत आलेसुद्धा. फडशा पाडायचा राहूनच गेला!

एसटीत काका कपाळाला हात लावून बसले. "त्यायच्या मनात नव्हतं, ते तू काहून घातलं गा?"

मनोहर नुसता खिडकीबाहेर बघत होता. त्याला शोभा फार आवडली होती, हे चेहऱ्यावरून कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ दिवस निरोप नाही. शेवटी राहिलेलं अर्धं भाषण घोकून मी एकटाच जवाहरनगरला गेलो. दार शोभाच्या आईनं उघडलं.

"मावशी, विजेचं म्हणाल तर..." मी उंबऱ्यातच सुरुवात केली.

"आधी बसा तं बापा! हो म्हणून कालच चिठ्ठी धाडली आमी."

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मनोहरचं लग्न ठरलं होतं! पण खोड जाते का? दुसऱ्याच क्षणी मी फुगलो. म्हणजे भाषण लागू पडलं होतं तर! विचारलंच मी, "कोणता मुद्दा पटला?"

मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. उत्तर आतून चहा घेऊन आलेल्या शोभानंच दिलं.

"एकही नाही जी. तुम्ही त्यायच्या घोरण्यावर बोलून राहिले होते ना, तवा तुमचा घसा सुकला. त्यायनं आपला पाण्याचा गिलास उचलून तुमच्या हाती देल्ला. मी बाबाले म्हटलं, जो माणूस याले सहन करते, त्याच्यासंग माहा जलम मजेत निघन!"