मिस्त्रींच्या साइटचा बॅकअप

ऑफिसात त्यांना तोंडावर नुसतं बाई म्हणत आणि पाठीमागे बॅकअपबाई. दीडएकशे वेबसाइटींची देखभाल त्या ऑफिसकडे होती. रोज प्रत्येक साइटची पूर्ण प्रत काढायची आणि ती दुसऱ्या जागी सुखरूप ठेवायची, म्हणजे मूळ साइट बुडाली तरी प्रत हाताशी असते. हे बाईंचं काम. कोणी ग्राहक फोनवर ऐटीत म्हणाला की आमच्याकडे बॅकअप आहे, तर बाई शांतपणे विचारत, "उघडून बघितलात का कधी?" या एका प्रश्नावर बाईंनी भल्याभल्यांची जिरवली होती.

त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणे, आणि घरात बाईसुद्धा चिडल्या की "अहो मिस्त्री" म्हणत. आठ महिन्यांपूर्वी मिस्त्री दुकानात बसल्या बसल्या गेले. समोर उघडलेलं मशीन तसंच राहिलं.

बाई रडल्या नाहीत. आठवड्याभरात कामावर हजर झाल्या. डबा खाल्ला, फोन घेतले, साहेबांच्या फुसक्या विनोदांवर हसल्यासुद्धा. लोक म्हणाले, बाई धीराच्या. धीरबीर काही नव्हता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं सगळं आतून बधिर झालं होतं, आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं. सुरुवातीला त्यांना याची भीती वाटली. पुढे भीतीही वाटेनाशी झाली.

मिस्त्रींची एक साइट होती, तिची रोजची प्रतही बाईंच्या ऑफिसातूनच निघे. लोक त्यांच्या मशीनचे फोटो पाठवत, काय बिघडलंय विचारत, आणि मिस्त्री जेवण झाल्यावर एकेकाला उत्तर लिहीत. एकोणीस वर्षं लिहीत होते. उत्तरं काय, फटकेच असत. "ताई, सुई उलटी बसवलीत तुम्ही. मशीनला शिव्या कशाला देता?" "दादा, तेल घालायचं असतं, आंघोळ नाही." वाचणारे हसत आणि मशीन चालू होई.

आता ज्या कंपनीच्या यंत्रावर ही साइट होती, ती आपलं जुनं यंत्र मोडीत काढणार होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता बंद. त्याआधी प्रत काढली नाही तर एकोणीस वर्षं गेली. लेक परगावी होती, तिचा फोन आला. "आई, बाबांची साइट तेवढी वाचव. माझी पोरगी अजून वाचायला शिकतेय. आजोबा कसे बोलायचे ते तिला तिथेच कळणार आहे."

"वाचवते," बाई म्हणाल्या. त्यांचा तर हातखंडा.

सोमवारी बाईंनी बॅकअप लावला. चौसष्ट टक्क्यांवर थांबला आणि लाल अक्षरं आली, अर्धवट. मागचं उघडून बघावं तर गेले चाळीस दिवस हेच चाललं होतं. रोज सूचना येत होती आणि रोज बाईंच्याच बोटाने तिला 'वाचलं' करून बाजूला सारलं होतं. ऑफिसचा नियम असा, की तीस दिवसांपेक्षा जुनी प्रत आपोआप पुसली जाते. म्हणजे शेवटची धड प्रतही कधीच पुसली गेली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर बाईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. स्वतःला त्या काहीच बोलल्या नाहीत.

मंगळवारी त्यांनी वेळेची मर्यादा वाढवली, अर्धवट फाइल पुसून पुन्हा लावला. त्रेसष्टवर थांबला. बुधवारी मोठे व्हिडिओ वगळून बघितलं. बासष्ट. दुरुस्त करावं तसं रोज एक टक्का मागेच. साहेब मागे येऊन उभे राहिले. "बाई, तुम्हाला दाद देत नाही म्हणजे कमाल आहे!" बाईंनी मान हलवली. घरी जाऊन भात लावला, खाल्ला, झोपल्या.

गुरुवारी दुपारी त्यांनी यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, जागा संपतेय," तिथला माणूस म्हणाला. "तुमची प्रत तयार व्हायला त्याच यंत्रावर जागा लागते. साइट अवाढव्य झालीय, मावणार कशी?"

"अवाढव्य? अहो, आठ महिन्यांत तिच्यात एका अक्षराची भर पडलेली नाही. लिहिणारा माणूस नाही आता."

"ते मला माहीत नाही. पण रोज वाढतेय ती. आज सकाळीसुद्धा वाढली."

कुठली फाइल किती जागा खाते, हे बाईंनी एरवी पहिल्या दहा मिनिटांत बघितलं असतं. ते त्यांनी चौथ्या दिवशी बघितलं. साइटच्या पोटात एक फोल्डर होता. नाव होतं 'चिंध्या'. शिलाईवाल्याच्या साइटवर चिंध्या असायच्याच, म्हणून आजवर तिकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आत दोनशे बेचाळीस फाइली होत्या, एकेक एकेका दिवसाची. पहिली मिस्त्री गेले त्याच्या आधीच्या सोमवारची.

मग त्यांनी साइटला नेमून दिलेल्या कामांची यादी उघडली. त्यात एकच काम होतं, सहा वर्षांपूर्वी लावलेलं. रोज सकाळी पावणेअकराला 'चिंध्या' सोडून बाकी सगळ्या साइटची प्रत काढून तिथे टाकणे. खाली मिस्त्रींनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. "रविवारी जुन्या काढून टाकणे. हिला सांगायचं नाही. वाईट वाटेल."

सहा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते बाईंना लख्ख आठवलं. यंत्र जळलं होतं आणि बाईंनी घेतलेला बॅकअप उघडला तर निम्मा निघाला. मिस्त्रींची चाळीस उत्तरं गेली होती. "जाऊ दे गं," ते हसून म्हणाले होते, "परत लिहितो." आणि बसून खरंच लिहिली. त्या दिवसापासून बाई प्रत्येक ग्राहकाला उघडून बघायला सांगू लागल्या. आणि त्याच आठवड्यात, बाई ऑफिसात असताना, हा माणूस गुपचूप स्वतःची सोय करून मोकळा झाला होता. पुढची पाच वर्षं एका ताटात जेवावं तसे एका घरात राहिले, पण ताकास तूर लागू दिली नाही!

बाईंना राग आला. कानशिलं तापली. "भरवसा नव्हता तर नाही म्हणायचं होतं तोंडावर," त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळला. दर रविवारी जुन्या प्रती काढून टाकणारे मिस्त्री गेले, काम मात्र चालूच राहिलं, म्हणून ढीग साठला आणि बाईंचा बॅकअप अडला. सगळा घोळ यांच्या चोरट्या कारभाराचा. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि वाटलं काय, तर नवऱ्यावरचा संताप.

रागारागातच त्या ढीग पुसायला बसल्या. पण सवय ती सवय. पुसण्याआधी शेवटची फाइल उतरवून घेतली आणि उघडून बघितली. दुसऱ्या यंत्रावर साइट उभी केली. पहिलं पान आलं. मग बॉबिनचं, मग पट्ट्याचं. फोटो सगळे जागच्या जागी होते. एकोणीस वर्षांतली उत्तरं त्यांनी मोजून बघितली. अकरा हजार चारशे सात. मूळ साइटवर तेवढीच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

चार दिवस बाई जिच्यासाठी जिवाचं रान करत होत्या, ती प्रत तयारच होती. एक नाही, तशा दोनशे बेचाळीस प्रती होत्या.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "पूर्ण आहे. मी उघडून बघितली."

"वा गं आई! मला माहीत होतं तू काढशील."

"मी नाही काढली. माझी रोज अर्धवटच निघाली." बाईंनी पडद्यावरची टीप पुन्हा एकदा वाचली. "तुझ्या बाबांनी काढलीय."

"बाबांनी? कधी?"

बाईंनी तोंडावर पदर धरला. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून जवळ आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"आज," त्या म्हणाल्या. "आज सकाळी, पावणेअकराला."