पश्चिमेची खोली

दिशा हा विषय कुणी माझ्यासमोर काढला की हल्ली माझं डोकं उठतं. सूर्य कुठे उगवतो आणि कुठे मावळतो एवढं मी शाळेत तिसरीच्या पोरांना शिकवते आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मग आमच्या करंजाडेच्या टू बीएचकेत वास्तुवाले आले.

त्यांना नवऱ्यानं आणलं. तो एका गोदामात सुपरवायझर होता. कंपनीनं गोदाम भिवंडीला हलवलं आणि याला मात्र हलवलं नाही. चार महिने घरी बसून होता. अर्ज करकरून दमला, फोन करकरून दमला, आणि त्यात सोसायटीतल्या कुणीतरी डोक्यात भरवलं की तुमच्या घरातच दोष आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी म्हटलं, "अहो, नोकरी कंपनीनं काढून घेतली, भिंतींनी नाही." तर म्हणे, "बघायला काय जातंय?" चार महिने घरी बसलेल्या माणसाशी किती वाद घालायचा?

वास्तुवाल्यांनी होकायंत्र आधी फ्रिजजवळ धरलं. काटा गरगरायला लागला तेव्हा हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. मग मला उद्देशून प्रवचन सुरू. पश्चिमेचा स्वामी वरुण, ग्रह शनी. मावळतीची दिशा, त्यामुळे तिथून घरातली ऊर्जा बाहेर वाहते. म्हणून पश्चिम कशी हवी, तर उंच, जड आणि बंद. मी म्हटलं, आमच्या बिल्डरनं तर पश्चिमेला मोठी काचेची खिडकी दिली आहे आणि व्ह्यू म्हणून वर पैसे घेतलेत. ते म्हणाले, "तेच तर मॅडम, तेच तर."

माझे सासरे, आबा, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. साताऱ्याकडचे. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून त्यांनी जन्मभर पाठीवर गोणी वाहिल्या. ते म्हणाले, "खरं हाय त्यांचं. आमच्या गावात घराला मावळतीच्या अंगाला खिडकीच नसायची. जाड भित, आन् तिला लागून कडब्याची गंज. दुपारनंतरचं ऊन आत यायचं न्हाय."

सगळं शास्त्र दोन वाक्यांत सांगून झालं होतं आणि तेही फुकट. पण होकायंत्रवाला समोर असताना हमालाचं कोण ऐकतो? वास्तुवाल्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, "नैऋत्येच्या खोलीत कोण झोपतं?" दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधल्या कोपऱ्यातली आमची मोठी खोली. तिथे आम्ही राहायला आल्यापासून आबा झोपत. पश्चिमेच्या छोट्या खोलीत आम्ही दोघं. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते, सुट्टीत आली की हॉलमध्ये गादी टाकते. कुणाची काही तक्रार नव्हती.

"चुकलंय," ते म्हणाले. "नैऋत्य कर्त्याची. पश्चिमेची खोली मुलांची. घरातला कर्ता कोण?"

नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. चार महिने घर माझ्या पगारावर चाललं होतं, तरी एकही मान माझ्याकडे वळली नाही. माझी तशी अपेक्षा नव्हती असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? होती थोडी. शेवटी आबाच म्हणाले, "ह्योच की. माझं काय आता," आणि उठून आपली गादी गुंडाळायला लागले. वास्तुवाल्यांचा चहासुद्धा प्यायचा राहिला होता.

आबांच्या खोलीतलं लोखंडी कपाट पश्चिमेच्या खोलीतल्या भिंतीला लावायचं ठरलं, जड वस्तू म्हणून. आम्ही दोघांनी ढकललं, तसूभर हललं नाही. आबा म्हणाले, "सरका." कपाटाच्या पायांखाली गोधडी सरकवली, पाठ टेकवली आणि या वयात एकट्यानं ते कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं. स्वतःचीच खोली रिकामी करायला घाम गाळत होते. वास्तुवाले म्हणाले, "हां, आता झाली पश्चिम जड." या वास्तुवाल्यांनाही त्या कपाटात घालून कुलूप लावावं असं माझ्या मनात येऊन गेलं.

आबा पश्चिमेच्या खोलीत गेले, आम्ही नैऋत्येच्या, एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. आबाच बदलले. पूर्वी ते सांगायचे, "खाली जाऊन येतो गं." आता विचारायला लागले, "खाली जाऊ का?" पेपर आधी त्यांच्या हातात जायचा, आता नवऱ्याचं वाचून होईपर्यंत थांबायला लागले. टीव्हीचा रिमोट स्वतःहून उचलेनात. मी चिडून म्हटलं, "आबा, विचारता काय? घर तुमचं आहे." ते म्हणाले, "आगं, कर्ता त्यो हाय ना आता." आणि कर्ता सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर नोकऱ्या बघत होता. मी हात टेकले.

त्यात मार्च लागला. नैऋत्येच्या खोलीवर शेजारच्या टॉवरची सावली पडते, पश्चिमेच्या खोलीवर कशाचीच नाही. दोन वाजल्यापासून ऊन थेट काचेवर. कपाटानं अर्धी खिडकी अडवली होती, म्हणजे वारा अडला आणि ऊन तेवढं अडलं नाही. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावून बघा, तवा परवडला.

एक दिवस शाळेतून आले तर आबा गॅलरीत फोनवर बोलत होते. हळू आवाजात, पाठमोरे. "शेठ, कवा काय मागितलं न्हाय तुमच्याकडं. पोरगा कामाला चांगला हाय, येवढंच सांगतो." मार्केटात ज्यांच्या गाळ्यावर आबांनी वर्षानुवर्षं गोणी उतरवल्या, त्या शेठजींचं आता बंदराजवळ द्रोणागिरीला मोठं गोदाम आहे. मला बघून आबांनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, "त्याला सांगू नगंस. बापानं शब्द टाकला म्हनून लागलो, असं कळलं तर मान वर करून कामावर जायचा न्हाय त्यो. त्याचं त्यानं मिळवलं असंच वाटू दे."

पंधरा दिवसांत नवऱ्याला द्रोणागिरीला नोकरी लागली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. त्यानं पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि गेला तो थेट वास्तुवाल्यांकडे. घरी येऊन म्हणाला, "आता या घरातला खिळासुद्धा हलवायचा नाही." आबा शेजारीच उभे होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि मान डोलावली. माझा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला, तो तिथून.

आबांनी शब्द टाकून मुलाला नोकरी मिळवून दिली, आणि त्याच नोकरीनं त्यांना त्या भट्टीत कायमचं बसवलं. हे मला रोज दिसत होतं आणि बोलायची सोय नव्हती. कूलर आणला, तर आबा म्हणाले त्यानं सांधे धरतात. पडदे ओले करून लावले, तर म्हणाले कशाला पाणी वाया घालवतीस. एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांना घेरी आली. पलंगाच्या कडेला बसलेले होते म्हणून पडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, गार जागेत ठेवा.

त्या रविवारी आबा खाली गेलेले बघून मी नवऱ्याला सांगून टाकलं. शब्द मोडला, मोडला. फोन, शेठजी, सगळं. मला वाटलं, हा उडेल, भांडेल, निदान लाजेल तरी. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे. मुलाखतीलाच शेठ म्हणाले, तुझ्या वडिलांचा शब्द मोडवेना."

"मग पेढे कसले वाटत होतात?"

"आबांसमोर काय म्हणू? त्यांना वाटतंय मला कळलं नाही. त्यातच त्यांना समाधान आहे."

"आणि खोली? द्या ना परत त्यांना."

"दिली तर त्यांना कळेल की मला कळलंय," नवरा म्हणाला, आणि उठून डबा घासायला लागला. रविवारी त्याला डबा नसतो.

दोन पुरुष, एकमेकांना जपतायत, आणि मधे मी उकडतेय. म्हणजे खरं तर उकडत होते आबा. मला नुसता संताप येत होता, दोघांचाही आणि त्याहून जास्त स्वतःचा. शाळेतल्या चाळीस पोरांना मी गप्प करते आणि घरातल्या दोन माणसांना बोलतं करता येईना.

मग एकदा शाळा अर्धा दिवस होती आणि मी दोनला घरी आले. किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या बोळकंडीत, जिथे दोन्हीकडून वारा येतो, तिथे जमिनीवर चटई टाकून आबा झोपले होते. डोक्याखाली हात, अंगात बनियन. माझ्या चाहुलीनं दचकून उठले आणि घाईघाईनं चटई गुंडाळायला लागले. म्हणाले, "आत्ताच टेकलो होतो जरा. त्याला बोलू नगंस. बापाला खोली सोसना, असं वाटंल त्याला."

मी म्हटलं, "आमच्या खोलीत का नाही पडत? दिवसभर रिकामी असते."

"सुनंच्या पलंगावर? काय बोलतीस, पोरी."

मला इतकं भरून आलं की मी त्यांच्यावरच खेकसले. चटई त्यांच्या हातातून ओढून घेतली, पुन्हा अंथरली, उशी आणून दिली आणि म्हटलं, "पडा मुकाट्यानं." ते मुकाट्यानं पडले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

तेव्हापासून रोज हेच चालू आहे. मी चारला शाळेतून येते, आतून कडी लावते, म्हणजे नवरा लवकर आला तरी त्याला बेल वाजवावी लागेल, आणि हॉलमध्ये वह्या तपासत बसते. सहा वाजले की आबांना हाक मारते. ते उठतात, चटई माझ्या हातात देतात आणि मुलगा यायच्या आत आपल्या तापलेल्या खोलीत जाऊन पलंगावर नीट बसून राहतात.