अर्जावरची चार नावं

अकोटला हिवरखेड रोडवर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आयटीआय केल्यावर दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं टाकलं. गेटं, खिडक्या, ट्रॉलीचे दांडे, वखराची पाती, जे येईल ते करतो. हिवरखेडकडे आमची चार एकर काळी जमीन आहे. ती बायकोच बघते. मी तिथं पाहुण्यासारखा जातो, असं ती म्हणते आणि ते खरं आहे.

कापूस संपला की वाळलेली पऱ्हाटी शेतात उभी राहते. ती मुळासकट काढावी लागते, नाहीतर बोंडअळी तिच्यातच मुक्काम करते. बाजारात त्यासाठी लोखंडी चिमटे मिळतात. झाड चिमट्यात धरायचं आणि दांडा वर ओढायचा. पण पऱ्हाटीची साल वाळली की सुटते, आणि चिमटा तिच्यावरून घसरतो. एका फाल्गुनात माझी बायको असाच चिमटा घसरून मागे पडली. माकडहाडाला मार लागला. तीन आठवडे तिला धड बसता येत नव्हतं. उभ्यानंच पोळ्या लाटायची आणि उभ्यानंच जेवायची.

त्या तीन आठवड्यांत मी विचार करायला लागलो. पाईप पाना असतो, तो जितका ओढावा तितका पाईपला घट्ट धरतो. मग चिमट्याचा जबडाही तसाच का नसावा? ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे तुकडे कापले, त्यांना दात पाडले. पहिला नमुना पऱ्हाटी मधूनच तोडायचा. दुसरा धरायचा, पण सोडायचाच नाही. बायको शेतातून फोन करायची, "हे अडकून राह्यलं, आता याले कसं काढू?" तिसऱ्या हंगामात जमलं. खाली दोन चाकं, त्यांच्यावर दांडा टेकायचा. मागे दाबलं की झाड मुळासकट वर, पुढे ढकललं की जबडा आपोआप मोकळा. कमरेत वाकायचं कामच नाही.

त्या वर्षी अकोल्याला शेतकरी मेळावा होता. तिथं आम्ही यंत्र नेलं. बायकोनं मंडपाबाहेर रोवलेल्या पऱ्हाट्या उपटून दाखवल्या. लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले. एका स्थानिक पेपरात फोटोही आला. त्यात तिचा अर्धा चेहरा आणि माझा हात होता. नंतर अकोल्याच्या एका अवजारांच्या दुकानदारानं काही नग ठेवून घेतले. आमच्या मानानं हे फार होतं.

तेव्हा आमची मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मेकॅनिकल. आमच्या दोन्ही घराण्यांत इतकं शिकलेली ती पहिलीच. प्रोजेक्टसाठी हेच यंत्र घेऊ का, असं तिनं विचारलं. मला नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं. मग एक दिवस ती आपल्या सरांना घेऊन घरी आली. चाळिशीचा, नीट बोलणारा माणूस. आमच्याकडे जेवला, वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं. दुपारभर त्यानं यंत्राची मापं घेतली. मुलगी वहीत लिहीत होती. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पोरीनं डोकं छान लावलंय काका. आणि तुमचं वेल्डिंगही एकदम साफ आहे."

मी हसलो. मला वाटलं, बापासमोर पोरीचं कौतुक करण्याची ही त्याची रीत असेल.

प्रोजेक्टसाठी कॉलेजात नेलेलं यंत्र महिनाभरानं परत आलं, निळा रंग लावून. मुलगी पास झाली. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. पेढे मी स्वतः वाटले.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर अकोल्याच्या त्या दुकानदाराचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता. "भाऊ, तुमचं यंत्र आता ठेवता येत नाही. अमरावतीच्या कॉलेजातून सांगणं आलं, याचं पेटंट त्याईचं हाये. मले कोर्टकचेरी नको."

"माझ्या यंत्राचं?"

"मले काय माहीत भाऊ. कागद दाखवला त्याईनं."

मी दुकान बंद केलं आणि दुपारच्या एसटीनं अकोल्याला गेलो. दुकानदारानंच एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्या पेटंटची कामं करायच्या. त्यांनी संगणकावर सरकारी वेबसाईट उघडली, थोडं शोधलं आणि कागद छापून माझ्यासमोर ठेवले. इंग्रजीत होते, पण चित्र कळायला भाषा लागत नाही. माझंच यंत्र होतं. इतकं माझं की त्यात माझी चूकही होती. मी दांड्याला एक भोक चुकीच्या जागी पाडलं होतं आणि ते झाकायला नुसता एक बोल्ट बसवला होता. चित्रात त्या बोल्टला नंबर दिला होता. बाईंनी वाचून सांगितलं, "हा बोल्ट हादरे कमी करतो, असं लिहिलंय."

"तो काहीच नाही करत," मी म्हणालो.

मग त्यांनी नावं वाचली. संशोधक चार. पहिले ते सर. दुसरे त्यांचे विभागप्रमुख. तिसरे आणखी एक प्राध्यापक, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. चौथं नाव माझ्या मुलीचं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आडनाव एकच होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्या दिवशी मी त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. आता ते मला यंत्र बनवणं बंद करायला लावू शकतात का? त्या म्हणाल्या, नाही. हा नुसता अर्ज आहे, प्रसिद्ध झालाय, मंजूर झालेला नाही. मंजुरीआधी कोणी कोणावर दावा लावू शकत नाही. संशोधक कोणाला म्हणायचं? ज्याच्या डोक्यातून वस्तू निघाली त्याला. शिक्षण किती हे कायदा विचारत नाही. कॉलेजला अर्ज करता येतो, पण ज्याची कल्पना आहे त्यानं हक्क लिहून दिला असेल तरच. "तुम्ही कुठं सही केली होती?" त्यांनी विचारलं. मी कुठंच केली नव्हती. मला कोणी विचारलंच नव्हतं.

"मग ते रद्द करून माझ्या नावानं होईल?"

त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही हे अर्जाच्या आधी कुठं दाखवलं होतं?"

मी मोठ्या हौसेनं मेळाव्याचं सांगितलं. मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला, पेपरातला फोटो दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा पुरावा त्यांचा अर्ज पाडायला पुरेसा आहे. जगाला आधीच माहीत असलेल्या वस्तूचं पेटंट मिळत नाही. पण भाऊ, तोच नियम तुम्हालाही लागतो. सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असतं, तर वर्षभराची सवलत होती. साध्या मेळाव्याला ती नाही. आधी अर्ज करायचा, मग दाखवायचं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "कल्पना पूर्ण तुमची एकट्याची ना?"

"हो," मी लगेच म्हणालो.

विरोध नोंदवायचा मसुदा त्या करणार होत्या. मुलीनं खरं काय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं तर काम फार सोपं होईल, असंही म्हणाल्या. मुलीला फोन करण्याआधी मी अमरावतीला गेलो. माझ्या मनात सरळ हिशेब होता: सरांनी चोरी केली आणि पोरीला धाक दाखवून सही घेतली. दुसरं काही माझ्या डोक्यात येतच नव्हतं.

सरांनी मला बसवलं. ते घाबरले नाहीत, गोंधळले. "काका, तुमची काय तक्रार आहे ते मला समजतच नाही," म्हणाले. कपाटातून त्यांनी मुलीचा प्रोजेक्ट रिपोर्ट काढला आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. इंग्रजीत होतं, पण तेवढं मला वाचता येतं. कल्पना आणि डिझाईन, तिथं माझ्या मुलीचं नाव. त्याखाली एक ओळ. फॅब्रिकेशन: लोकल वेल्डर, अकोट. खाली तिची सही. वळणदार, मी तिला पाटीवर गिरवायला लावलेल्या अक्षरांतली.

"तिनं पहिल्या दिवसापासून हेच सांगितलं," सर म्हणाले. "मी कशाला शंका घेऊ?"

मला विचारावंसं वाटलं, मग तुमचं नाव पहिलं कसं, आणि तुमच्या विभागप्रमुखांनी यात काय केलं. विचारलंही. ते म्हणाले, "ती पद्धत असते." त्यांच्याशी भांडायचं बळ मात्र माझ्यात उरलं नव्हतं. अंजनगावमार्गे येणाऱ्या गाडीत मी खिडकीशी बसलो आणि अकोट येईपर्यंत ती ओळच वाचत राहिलो. तिला माझं नाव माहीत नव्हतं, असं कोणालाही वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी ती मामेबहिणीच्या लग्नाला घरी आली. लग्न पार पडू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुकानात बोलावलं. ती स्टुलावर बसली. मी पेटंटच्या अर्जाचा कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला नाही, घडी करून मांडीवर ठेवला.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"सरानं करायला लावलं?"

मी वाट पाहत होतो की ती हो म्हणेल. खोटं का होईना, त्या दिवशी ते मला चाललं असतं.

"नाही बाबा. मीच सांगितलं सरांना. बाकीच्या मुली कंपन्यांमधून प्रोजेक्ट आणत होत्या. कोणाचे वडील इंजिनिअर, कोणाचे प्राध्यापक. मी म्हटलं, डिझाईन माझं आहे. एकदा म्हटलं, मग परत फिरता आलं नाही. अर्जाच्या वेळी वाटलं होतं सांगावं. पण तोवर नोकरीच्या मुलाखतीतही तेच सांगून बसले होते."

"माझं नाव कावून नाई टाकलं? खाली कुठं तरी टाकतीस. बाप म्हणून टाकतीस."

ती बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग म्हणाली, "मले लाज वाटली."

पुण्याला गेल्यापासून ती आमच्याशी 'मला' म्हणून बोलायची. त्या एका वाक्यात ती 'मले' म्हणाली. म्हणून मला कळलं की हे खरं आहे.

प्रतिज्ञापत्राचं मी विचारलं. ती म्हणाली, "माझी नोकरी जाईल बाबा. तुम्हाला जे करायचं ते करा, मी अडवणार नाही. पण मला लिहायला सांगू नका." उठली आणि घरी गेली. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परतली.

मी चार दिवस विरोध नोंदवावा की नाही या विचारात काढले. पाचव्या दिवशी वकीलबाईंचा मसुदा आला. मराठीतलं माझं निवेदन त्यात होतं, ते मी बायकोला वाचून दाखवलं. 'सदर यंत्राची संपूर्ण कल्पना माझी एकट्याची असून' इथं ती म्हणाली, "थांबा जरा."

मी थांबलो.

"चाकाचं कोणी सांगितलं होतं?"

मला पटकन आठवेना. तिनं आठवण करून दिली. दुसरा नमुना मी खांद्याच्या जोरानं चालवायचा केला होता. ती म्हणाली होती, याले खाली चाकं लावा, लेकराच्या पांगुळगाड्यासारखी, म्हणजे भार जमिनीवर जाईल. मी तेव्हा हो म्हणालो होतो, आणि आठ दिवसांत ती कल्पना माझीच होऊन गेली होती. "तीन वर्षं वावरात मी चालवून पाहून राहिली होती," ती म्हणाली. "पडली बी मीच. पोरीले विचारता माझं नाव कावून नाई. मंग माझं कुठं हाये यात?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी वकीलबाईंना फोन करून वाक्य बदलायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "आठवलं नव्हतं." ते खरंही होतं, आणि तेवढ्यानं माझी सुटका होत नव्हती.

विरोध आम्ही दोघांच्या नावानं नोंदवला. व्हिडिओ, पेपरातला फोटो, दुकानदाराचं पत्र आणि त्या निरुपयोगी बोल्टाची हकीकत, सगळं जोडलं. मुलीनं नोकरीसाठी काय सांगितलं ते आम्ही कुठं लिहिलं नाही. वकीलबाईंना ते पटलं नव्हतं, पण बायको ठाम होती. काही महिन्यांनी कॉलेजनं अर्ज मागे घेतला. कारण दिलं नाही, माफीही मागितली नाही. सरांचा एकदा फोन आला होता, मी उचलला नाही.

यंत्र आता कोणाचंच नाही. अकोटात आणखी दोघं ते बनवतात, तेल्हाऱ्यात एक जण बनवतो. त्यातल्या एकानं तो फुकटचा बोल्टसुद्धा जसाच्या तसा बसवला आहे. मी त्याला सांगितलं, तो काढ, त्याचा उपयोग नाही. त्याला ते खरं वाटलं नाही. यंत्र कुठून आलं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

मुलीची नोकरी टिकली. दिवाळीला ती येते, आईसाठी साडी आणते, माझ्यासाठी चपला. यंदा स्थळं पाहणं सुरू झालं तेव्हा तिनं केलेला बायोडेटा मध्यस्थांनी माझ्या हातात दिला. त्यात शिक्षणाखाली लिहिलं होतं, कृषी यंत्राच्या पेटंट अर्जात संशोधक. मी तिला फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"जुनी फाईल होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "काढून टाका बाबा."

"तू काढ," मी म्हणालो. "तुझं तुलेच काढावं लागीन."

दुसऱ्या दिवशी तिनं नवा बायोडेटा पाठवला. ती ओळ नव्हती. मी तो मध्यस्थांकडे पोचता केला. तिला मी माफ केलं का, असं बायको अधूनमधून विचारते. मी सांगतो, अजून नाही. त्या चाकांसाठी तिनं मला माफ केलं आहे की नाही, हे तिला विचारायचं धाडस मात्र मला झालेलं नाही.