अवयव सर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी नवी गाडी घेतली की सर आधी तिचा नंबर बघत. "चोवीसशे एक्क्याण्णव. सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न. चांगली गाडी आहे," म्हणत आणि रंगही न बघता जिना चढत. आकडा दिसला की त्याचे अवयव पाडायचे, म्हणजे तो कोणत्या संख्यांच्या गुणाकाराने बनला ते शोधायचं, ही गणिताच्या मास्तरकीतली सवय निवृत्तीनंतर वाढली. सोसायटीत त्यांना अवयव सरच म्हणत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणायच्या, "लग्नाची तारीख विचारा, अवयव सांगतील. तारीख नाही सांगणार."

मी ऑफिसात आकडे तपासणारा, म्हणून आमचं जमे. शेवटची दोन वर्षं ते एकाच संख्येमागे होते : १२३४५६७८९१. "शेवटचा एक काढ, उरलेल्याला नवाने सरळ भाग जातो. तो एक जोडला की कशानेच जात नाही. मूळ संख्या." हे पटवून घ्यायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने ते भागून बघत होते. वहीत, पेन्सिलीने.

"सर, फोन एका सेकंदात सांगतो."

"फोनला कळलं रे. मला कुठे कळलं?"

त्याच वहीच्या मागच्या पानांवर इतर मोठ्या संख्यांचे अवयव होते. एका संध्याकाळी बाकावर वही मिटून ते म्हणाले, "मी गेलो की माझे अवयव देऊन टाक. हिला त्या वेळी सुचायचं नाही."

मी हसलो. "तुमचे अवयव कोण घेणार, सर? सगळ्यांकडे कॅल्क्युलेटर आहे."

त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. मग म्हणाले, "घेणारे असतात." मी बरं म्हटलं.

दीड महिन्याने त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, अवयवदानाबद्दल ते कधी काही बोलले होते का? काकींनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यापाशीच बसायचे ना?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाकावरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, माझ्या हसण्यासकट. "पण काकी, मला वाटलं होतं वहीबद्दल बोलतायत. मी खात्री देऊ शकत नाही."

"'त्या वेळी' म्हणाले?"

"हो."

"वहीला कसली आली वेळ? वही काय, केव्हाही देता येते." मग म्हणाल्या, "आण तो संमतीचा कागद इकडे." सही पूर्ण नावाने केली.

त्या अजून अधूनमधून विचारतात, "वहीबद्दलच नसतील ना रे बोलले?" मी दर वेळी खरं तेच सांगतो, माहीत नाही.

यकृत, दोन्ही मूत्रपिंडं आणि डोळे गेले. कुणाला, ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की यकृत एका बाईला बसवलं आणि ती आपल्या पायांनी चालत घरी गेली.